अव्वल कारकुनाची कैफियत

पाळकाचे काम म्हणजे रविवारची भक्ती, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन, अशी जी समजूत मंडळीबाहेरच्या सज्जनांत आणि कित्येकदा मंडळीच्या विश्वस्तांतही प्रचलित आहे, ती दप्तरापुरती खरी आहे. कारण या गोष्टींच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात, त्यांवर सह्या होतात आणि वर्षअखेरीस त्यांचा गोषवारा वरिष्ठांकडे रवाना होतो. परंतु अहमदनगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या मंडळ्यांत ज्याने माझ्यासारखे आयुष्य घालविले, त्याला विचाराल तर तो सांगेल की, कामाचा मोठा हिस्सा कोणत्याही वहीत चढत नाही. तो संध्याकाळी, प्रार्थनासभा आटोपून बायका दाराशी चपला शोधीत असताना, कुणीतरी मुद्दाम मागे रेंगाळते तेव्हा सुरू होतो. रेंगाळणारा प्रथम छपराच्या गळतीविषयी बोलतो, मग नाताळच्या वर्गणीविषयी, आणि दिवे मालवायची वेळ आली म्हणजे खाली पाहून म्हणतो, "पाळकसाहेब, थोरल्यासाठी प्रार्थना असू द्या."

थोरल्याचे काय झाले आहे हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते. फक्त आईबापांच्या समोर कुणी बोलत नाही. दारू, मटका, उधारी, सून माहेरी, क्वचित पोलीस कोठडी: तपशील बदलतो, क्रम बहुधा हाच. असले दुःख सगळ्याच जातिधर्मांच्या घरी असते हे मी जाणतो, परंतु आमच्या वडीलधाऱ्यांच्या दुःखाला आणखी एक धार असते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले आणि त्यानंतरच्या पिढ्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांपैकी पुष्कळांनी गावकीतले हक्क, भाऊबंद आणि प्रसंगी राहते घरही सोडले. अशा आजोबांची तसबीर ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीला टेकून नातू मध्यरात्री शिव्या देत बसतो, तेव्हा बापाला वाटते की, या एका मुलापायी तीन पिढ्यांची साक्ष रद्दबातल झाली. मग तो पवित्रशास्त्र उघडतो आणि वचने धुंडाळू लागतो.

या वचनांची एक अलिखित यादी आमच्या घरांतून आईकडून लेकीकडे चालत आलेली आहे. बलवानाच्या हातून बंदिवान सोडवून मुलांचे तारण करण्याविषयी यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव जे बोलतो ते तिच्यात पहिले. यिर्मयाच्या एकतिसाव्यात राहेलीला दिलेले आश्वासन दुसरे. फिलिप्पै येथल्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याला त्याच्या घराण्यासह तारणाचा जो शब्द मिळाला तो तिसरा. आणि बापांना विशेष प्रिय असलेले, मुलाला लहानपणी योग्य मार्गाला लावण्याविषयीचे नीतिसूत्रांतले वाक्य चौथे. यांपैकी या चौथ्यावरून माझी जितकी झाडाझडती झाली तितकी धर्मशिक्षणाच्या परीक्षेतही झाली नव्हती. ती घेणारे गृहस्थ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. वस्तीत त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांनी आपली तक्रार तोंडी मांडली नाही. एका रविवारी भक्तीनंतर त्यांनी माझ्या हाती फुलस्केप कागद दिला; डाव्या बाजूला चार बोटे समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखे, आणि मजकुराच्या माथ्यावर "विषय: वचनाची अंमलबजावणी न झालेबाबत" अशी ओळ. खाली अनुक्रमांक घालून मुद्दे होते. मुलाचा बाप्तिस्मा वेळेवर झाला. शब्बाथशाळेतील हजेरी समाधानकारक. घरी रात्री आठ वाजता कौटुंबिक प्रार्थना, तीत खंड नाही. दशांश चुकता केलेला, पावत्या आहेत. असे असता सदर मुलगा कॉलेजात असल्यापासून मटक्याच्या नादी लागला, पुढे दारूच्या, आणि आजमितीस त्यात सुधारणा नाही. सबब नीतिसूत्रे, अध्याय बावीस, वचन सहा याअन्वये मिळालेल्या हमीचा योग्य तो खुलासा व्हावा. एवढे सगळे रीतसर लिहून झाल्यावर, सहीच्याही खाली, क्रमांक न घालता, बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होते: "घरात तांब्या-पितळेचे भांडे उरलेले नाही."

माणसाने देवाविरुद्ध तक्रार केली की तिच्यात अश्रद्धा पाहण्याची खोड आमच्या व्यवसायात पुष्कळांना असते. मला तो कागद वाचून आदर वाटला. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडे कोण कैफियत दाखल करील? ईयोबाने दुसरे काय केले होते? पण आदर वाटला म्हणून उत्तर सोपे झाले नाही, आणि अण्णा टोलवाटोलवीचे उत्तर स्वीकारणारे नव्हते; तसली उत्तरे लिहिण्यात त्यांचीच हयात गेली होती.

आम्ही दोघे पुष्कळ रविवार दुपारचे बसलो. नीतिसूत्रे हा अनुभवी माणसांच्या बोलांचा संग्रह आहे. जगात बहुधा काय घडते ते तो सांगतो, आणि त्याच न्यायाने उद्योग्याला संपत्ती व आळशाला दारिद्र्य येते असेही सांगतो, जे आपण दोघांनीही नेहमी घडताना पाहिलेले नाही, हे माझे पहिले म्हणणे. मग मी त्यांना शमुवेलाच्या पुस्तकाकडे नेले. एली याजकाचे मुलगे हफनी आणि फिनहास देवाच्या अर्पणावर हात मारीत, आणि बापाने त्यांना आवरले नाही म्हणून त्याला दोष लागला. हे सगळ्यांना पाठ असते, कारण वाया गेलेल्या मुलाच्या बापाला टोचायला ही कथा सोयीची पडते. परंतु एलीच्याच घरात वाढलेला शमुवेल, ज्याच्या सचोटीवर साऱ्या लोकांनी उभे राहून साक्ष दिली, त्याचे मुलगेही बैरशेब्यात न्यायाधीश होऊन लाच खाऊ लागले, आणि तेवढ्यासाठी शमुवेलाला शास्त्र एका शब्दानेही दोष देत नाही, हे किती जणांच्या लक्षात असते? पुढे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर तीन पिढ्यांचा दाखलाच आहे: बाप नीतिमान, मुलगा रक्तपाती, नातू पुन्हा नीतिमान; आणि ज्याचा हिशेब त्याच्याकडे.

अण्णांनी हे सगळे कागदावर टिपले. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे हमी नाही म्हणा ना सरळ."

"त्या कलमात नाही, अण्णा."

"मग कोणत्या कलमात आहे?"

या प्रश्नाला पळवाट नव्हती. मी यिर्मयाचा एकतिसावा अध्याय उघडला.

तो अध्याय ज्या स्थळाचा उल्लेख करतो ते रामा गाव येरुशलेमच्या उत्तरेस थोड्या अंतरावर आहे. नगर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने, नबूजरदानाने, बंदिवानांचा तांडा याच वाटेने नेला. खुद्द यिर्मया त्यात साखळदंडांनी बांधलेला होता आणि त्याला इथेच मोकळे करण्यात आले. अशा ठिकाणी संदेष्ट्याला राहेलीचे रडणे ऐकू येते. मुले नाहीतशी झाली म्हणून ती सांत्वन घ्यायला तयार नाही. आणि तिला सांगण्यात येते की डोळे पूस, तुझी मुले शत्रूच्या देशातून आपल्या सीमेत परत येतील. स्त्रियांच्या सभेत या ठिकाणी सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागतात. अण्णांनी मात्र विचारले, "प्रत्यक्षात परत केव्हा आली?" नगर पडले इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास आणि परतीची परवानगी देणारा कोरेश राजाचा हुकूम निघाला ५३८ मध्ये, असे मी सांगितले. त्यांनी समासात वजाबाकी केली. "अठ्ठेचाळीस वर्षे! एवढ्या मुदतीत आईबाप दोन्ही पक्षकार मयत होतात, पाळकसाहेब."

होतातच. ज्या बायका त्या वाटेवर रडल्या त्यांतल्या बहुतेकींनी परतणारा तांडा पाहिला नाही, हे कोणत्याही भक्तिपर विवरणाने झाकता येणार नाही. परंतु इथे एक गोष्ट अशी आहे की ती अण्णांबरोबर बसलो नसतो तर माझ्याही नजरेतून निसटली असती. राहेल ही त्या बंदिवानांची समकालीन नव्हे. ती याकोबाची बायको; बन्यामीनाच्या बाळंतपणात वाटेवरच मरण पावलेली, शेकडो वर्षांपूर्वी पुरलेली. आश्वासन दिले आहे ते मेलेल्या आईला. तिने आपल्या डोळ्यांनी पाहावे अशी अटच त्यात घातलेली नाही, आणि तरीही ते तिलाच उद्देशून, तिच्या रडण्याला मोबदला आहे असे सांगून, दिलेले आहे. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पुढचे वाचायला सांगितले.

पुढे तर अधिकच विचार करण्याजोगे आहे, कारण राहेलीशी बोलणे संपताच मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. एफ्राईम, म्हणजे ते हरवलेले घराणे, आपल्या तोंडाने कबूल करते की मला शिस्त लागली, मी मार खाल्ला, मला लाज वाटते, मला फिरव म्हणजे मी फिरेन; आणि मगच देवाच्या अंतःकरणातली कालवाकालव वर्णिली आहे. आईचे रडणे, वचन, मुलाचे बोलणे असा हा क्रम आहे. आईने कितीही रडले तरी मुलाच्या वाटचे वाक्य तिला म्हणता येत नाही. ते त्याच्यासाठी राखून ठेवलेले आहे. हे समजायला आमच्या मंडळीत सर्वांत कमी वेळ लागला तो एका शिक्षिकेला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई विधवा होत्या आणि मुलगा एकच. त्यांच्या पवित्रशास्त्रात, यशयाच्या त्या एकोणपन्नासाव्या अध्यायाच्या शेवटी, समासात शिसपेन्सिलीने मुलाचे नाव लिहिले होते आणि नावाखाली तारखा. काही खोडलेल्या, काहींवर खोडरबर फिरवून पुन्हा लिहिलेल्या. तो दारू सोडण्याचे वचन द्यायचा त्या दिवसाची ती नोंद होती. पुढे त्यांनी तारखा लिहिणे थांबविले, नाव तसेच ठेवले. राष्ट्राला दिलेल्या वचनात एका मुलाचे नाव घालावे की नाही, यावर विद्वानांत मतभेद होतील. माझे मत विचाराल तर प्रार्थना म्हणून खुशाल घालावे. दस्तऐवज म्हणून घालू नये.

बाईंनी त्या वचनातून जो व्यवहार काढला तो मला कोणत्याही प्रवचनात सापडला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, शास्त्र माझ्या मुलाला बंदिवान म्हणते, आणि सोडविणारा मी नाही हेही सांगते. मग माझ्याकडे काय उरले? कैद्याला भाकर द्यावी, कैद करणाऱ्याला खंडणी देऊ नये. त्याप्रमाणे घरी मुलगा कोणत्याही वेळी, कोणत्याही अवस्थेत आला तरी झाकलेले ताट मिळे आणि रोख रुपया मिळत नसे. गुत्तेवाला उधारीची वही घेऊन दाराशी आला तेव्हा बाईंनी त्याला चहा दिला आणि वही उघडू दिली नाही. शेजारपाजाऱ्यांना आई कठोर झाल्याचे वाटले. लूकच्या शुभवर्तमानातला बापही दूरदेशी मनिऑर्डर पाठवीत नाही, एवढे मी त्यांच्या बाजूने रविवारी बोललो, आणि त्याबद्दल दोन घरांचा काही महिने रोष पत्करला.

एका रात्री मारामारीत मुलगा पकडला गेला आणि ठाण्यातून निरोप आला. अशा वेळी आमच्याकडे रिवाज असा की, पाळकाने ओळखीच्या पुढाऱ्याला उठवावे आणि रातोरात माणूस बाहेर काढावा. बाईंनी रिक्षा बोलावली, मला बरोबर घेतले, आणि मांडीवर तीन खणी डबा. ठाणे अंमलदाराने जामिनाचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते उद्या कोर्ट बघेल. आज त्याला जेवू द्या." हवालदाराने एकेक खण उघडून पाहिला. पहिल्यात पिठले, दुसऱ्यात भाकरी, तिसऱ्यात ठेचा आणि कांदा. भाकरीच्या चवडीत बोट घालून त्याने खात्री करून घेतली, आणि मग स्वतःच पाण्याचा तांब्या भरून आत नेला. मुलगा आईकडे पाठ करून जेवला. बाईंनी रिकामा डबा मागून घेतला, धुतला आणि मग अंमलदाराला एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली: दारू मिळाली नाही की याला कंप सुटतो, मागे एकदा झटकाही आला होता, तेव्हा डॉक्टरला कळवा. दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभा असतानाच त्याचे हात थरथरू लागले आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकमावरून त्याला सरकारी रुग्णालयात हलविण्यात आले.

या बाबतीत मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सुटकेच्या वचनाचा आधार घेऊन आमच्यातच एक घातक प्रकार चालतो. अट्टल पिणाऱ्याला खोलीत कोंडायचे, उपवास-प्रार्थना मांडायची आणि तो थरथरू लागला, भलतेसलते दिसते म्हणू लागला की सैतान निघतो आहे असे समजून आवाज चढवायचा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तोडली म्हणजे पहिल्या दोनतीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि औषधोपचार नसेल तर माणूस दगावूही शकतो. मार्कच्या नवव्या अध्यायातला झटके येणारा मुलगा शिष्यांच्या हातून चारचौघांत बरा झाला नाही, ही कथा मी अशा उत्साही बंधूंना आवर्जून वाचून दाखवितो. आम्हा पाळकांना तिच्यापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे. त्या मुलाच्या बापाने येशूसमोर पुरा विश्वास मांडला नाही, अर्धा विश्वास आणि अर्धी शंका दोन्ही एकदम मांडली, आणि तेवढ्यावर काम झाले. त्याने मुलाला आणले, हे मुख्य. आमच्या काळी कुठे आणायचे याची उत्तरेही आहेत. पुण्याला अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा तालुक्यातालुक्यांत भरतात. आणि केवळ पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल्-अॅनॉनच्याही. बाईंचा मुलगा रुग्णालयातून पुण्याला गेला, तिथून सुधारून आला, घसरला, पुन्हा गेला.

मोनिकेची गोष्ट आमच्या स्त्रियांना फार आवडते आणि ती बहुधा चुकीच्या जागी जोर देऊन सांगितली जाते. आईने अश्रू ढाळले आणि ऑगस्टीन संत झाला, एवढे कथानक पुरते. पण त्याने स्वतः लिहून ठेवले आहे त्यात याहून अवघड प्रसंग आहेत. मुलाशी वाद घालून त्याला पटवा, अशी विनवणी तिने एका बिशपाला केली तेव्हा, मुलगा ज्या पंथाच्या नादी लागला होता त्याच पंथात जो स्वतः लहानपणी होता त्या बिशपाने, साफ नकार दिला. इतक्यात नको, त्याला राहू दे, तू प्रार्थना कर, असा त्याचा सल्ला होता. पुढे ३८३ साली मुलगा कार्थेजहून रोमला निघाला. आई बंदरापर्यंत मागे लागली, तेव्हा त्याने थाप मारून तिला किनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावली आणि गलबत हाकारले. ती रात्रभर मागत होती की हे गलबत निघू नये. ते निघाले, आणि त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला, अँब्रोजच्या प्रवचनांपर्यंत आणि ३८७ च्या पुनरुत्थानसणाला बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला. आईची नेमकी मागणी नामंजूर झाली म्हणून हे घडले, असा अर्थ मी काढतो. मुलाला परगावी पाठवायला तयार नसणाऱ्या आयांना मी ही बाजू सांगतो, आणि लगेच हेही सांगतो की गलबते बुडतातही. दावीद वेशीवर बसून राहिला आणि अबशालोम परत आला नाही.

अण्णांचा मुलगा एका पावसाळ्यात घर सोडून गेला. तो सुरतेकडे कुठेशी आहे, जिवंत आहे, असे अधूनमधून कानावर येते. त्याच्याकडून पत्र नाही. अण्णांनी पोलिसांत रीतसर खबर दिली आहे आणि दर सहामाहीला ते तिचा पाठपुरावा करतात. रात्री आठची प्रार्थना त्यांनी बंद केली नाही, मात्र तीत ते आता देवाला मुद्दे घालीत नाहीत, असे त्यांच्या मंडळींनी माझ्या पत्नीला सांगितले.

गुरुवारी संध्याकाळी मंदिराच्या बाजूच्या खोलीत असे आईबाप जमतात. सुरुवात बाईंनी केली. आता त्यात वस्तीबाहेरच्या दोन हिंदू माउल्याही येतात, ज्यांना यशया कोण हे ठाऊक नाही, पण भाकरी आणि खंडणीचा हिशेब पहिल्याच दिवशी उमगला. नव्याने आलेल्या प्रत्येक बापाचा पहिला प्रश्न नीतिसूत्रांचाच असतो. त्याला उत्तर द्यायचे काम मी अण्णांकडे सोपविले आहे, कारण ते माझ्यापेक्षा कमी बोलतात आणि कागदपत्र घेऊन येतात. येत्या गुरुवारी एली दोषी आणि शमुवेल निर्दोष कसा, यावर ते आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर यांची जुंपणार आहे. साडेसाताच्या आत आटपा म्हणून मी दोघांनाही बजावले आहे. त्यानंतर खोली मीटिंगवाल्यांना दिलेली असते, आणि त्यांत बाईंचा मुलगा किल्ली घ्यायला वेळेवर येतो.